कांबळे मॅडमची सही

कांबळे मॅडम कुठलाही प्रोजेक्ट रिपोर्ट मागून उघडायच्या. आभार, प्रस्तावना, उद्दिष्टं यांच्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. शेवटच्या पानांवरचे नोंदींचे तक्ते काढायच्या आणि एकेका आकड्यावरून बोट खाली नेत जायच्या. "पुढची पानं पोरं तुमच्यासाठी लिहितात, सर," त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मागची मशीन लिहितं. आधी मला मशीनचं ऐकू द्या."

मी दादरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी सहा महिने एखाद्या कंपनीत, तिथल्याच माणसाच्या देखरेखीखाली प्रोजेक्ट करायचा, असा नियम आला आणि कंपन्या शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोठ्या कंपन्या मेलला उत्तर देत नाहीत, मधल्या 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतात आणि तो आठवडा कधीच येत नाही. मी इतका कंटाळलेलो असायचो, की कुणी नुसतं 'पाठवा' म्हटलं तरी जागा न बघता मुलं पाठवून द्यायचो. चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या त्या वर्कशॉपमध्ये मुलं गेली ती अशीच.

तिथे इस्पितळांसाठी ऑटोक्लेव्ह बनायचे. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची ही बंद टाकी. तयार टाकी तपासून बाहेर सोडायची जबाबदारी कांबळे मॅडमची. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, सलवार-कमीजवर वर्कशॉपचा निळा कोट. वाफेच्या आवाजात वर्षं काढल्यामुळे घरगुती गोष्टसुद्धा त्या ओरडूनच सांगायच्या. राहायला जवळच्याच चाळीत. "शिक, शिक, असं घरात सगळेच सांगायचे," त्या म्हणायच्या, "फिटर हो, असं कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं." आयटीआयच्या त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या.

आमच्या फॉर्मवर औद्योगिक मार्गदर्शकाची शैक्षणिक पात्रता विचारलेली असते. त्यांनी लिहिलं होतं, 'आयटीआय, फिटर. पुढचं शिक्षण इथेच चालू आहे.' आमच्या विभागप्रमुखांनी तो फॉर्म दोन बोटांत धरून मला विचारलं, "बी.ई.च्या मुलांना आयटीआयवाली बाई गाईड?" मी म्हटलं, "सर, दुसरी कंपनी नाही मिळाली." फॉर्म पुढे गेला.

मुलांना त्या पहिले दोन दिवस कशालाही हात लावू देत नसत. नुसतं उभं राहायचं आणि काय कळलं नाही ते लिहून काढायचं. कुणी कोरा कागद दिला तर म्हणायच्या, "सगळं कळलं? मग उद्यापासून मी सुट्टीवर जाते, तू सांभाळ." मुलं आधी कुरकुरायची. दोन महिन्यांनी तीच मुलं मला येऊन ड्रेन लाईन आणि व्हॉल्व्ह यांच्याविषयी असं काही सांगायची, की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागायचं.

चौथ्या वर्षी सायली परब आणि तिचे दोन मित्र तिथे गेले. सायली लालबागची, हुशार, चटपटीत. टाकीच्या आत आठ ठिकाणी सेन्सर बसवायचे आणि टाकी तापवायच्या प्रत्येक फेरीत कुठे किती तापमान चढतं ते नोंदवायचं, असा त्यांचा प्रोजेक्ट. एका नव्या टाकीवर बारा फेऱ्या घ्यायच्या होत्या. काम छान चाललं होतं. मग कॉलेजात नोकऱ्यांच्या मुलाखती सुरू झाल्या. सायलीला नोकरी मिळालीही. अट एवढीच, की जूनमध्ये पदवी हातात हवी.

रिपोर्ट सादर करायला चार दिवस राहिले असताना ती माझ्यासमोर रडत उभी राहिली. "सर, मॅडम सही देत नाहीयेत."

"का?"

"तुम्हीच विचारा ना त्यांना," म्हणत ती निघून गेली. विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. "ही एक सही अडली तर तीन मुलांचं वर्ष जातं. जा आणि घेऊन या."

मी गेलो. मॅडमनी मला स्टूल दिलं आणि तक्ता पुढे ठेवला. "सर, पहिल्या सात फेऱ्यांचे आकडे बघा. जरा वर, जरा खाली, एखादा मध्येच बिघडलेला. आता आठ ते बारा बघा."

शेवटच्या पाच फेऱ्यांत सगळीकडे एकशे एकवीस डिग्री. आठही सेन्सर, रांगेत उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखे.

"हे आकडे फार शहाणे आहेत," त्या म्हणाल्या. "टाकी एवढी शहाणी नसते."

मुलाखतींच्या धावपळीत त्या पाच फेऱ्या पोरांनी घरी बसून लिहून काढल्या होत्या. मला आश्चर्य वाटलं नाही, आणि आश्चर्य न वाटल्याचीच थोडी लाज वाटली. मी तरीही म्हणालो, "मॅडम, सात तर खऱ्या आहेत ना? पोरीची नोकरी आहे. या वेळी जाऊ द्या."

त्या रागावल्या नाहीत. "ही टाकी एका सूतिकागृहात चाललीय, सर. हिच्यातली कात्री बाळंतिणीला लागणार. तिला काय सांगू, सात खऱ्या होत्या म्हणून?" मग म्हणाल्या, "पोरांना उद्या सकाळी सातला पाठवा. मी येते. पाच फेऱ्या राहिल्यात, दोन दिवसांत होतात."

मुलं गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सायलीचा फोन आला. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं. "सर, खालच्या कोपऱ्यातला सेन्सर चार डिग्री कमी दाखवतोय! प्रत्येक फेरीत! आम्हाला वाटलं सेन्सर गेला, मॅडमनी बदलून बघितला, तरी तेच!"

टाकी दुसऱ्या दिवशी रवाना व्हायची होती, टेम्पो ठरलेला होता. मालक खाली आले. "कांबळेबाई, आधीच्या फेऱ्या बरोबर होत्या ना? सोडून द्या."

"आधी बरोबर होत्या, आता नाहीत. म्हणजे आत काहीतरी नवीन झालंय," मॅडम म्हणाल्या. "मी नाही सोडत. तुम्हाला सोडायची तर तपासणीच्या कागदावरचं माझं नाव खोडून तुमचं घाला."

मालकांनी नाव घातलं नाही. टाकीतली हवा-पाणी बाहेर नेणारी ड्रेन लाईन उघडली तेव्हा तिच्या जाळीत पाईपच्या जोडांना गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपचा गोळा अडकलेला निघाला. जोडकामात सुटलेली टेप वाहत जाऊन तिथे बसली होती, त्यामुळे आतली हवा पुरती बाहेर पडत नव्हती आणि कोपरा थंड राहत होता. जाळी साफ झाली, फेऱ्या पुन्हा झाल्या, टाकी तीन दिवस उशिरा गेली. सायलीने खोट्या नोंदींसकट सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. मॅडमनी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिलं, 'आधी चुकले. मग सकाळी सातला आले.' बाहेरच्या परीक्षकांनी खोट्या नोंदींसाठी गुण कापले, थंड कोपऱ्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. मुलं काठावर पास झाली. सायली नोकरीवर रुजू झाली.

मॅडमचं कौतुक कुणी केलं नाही. मालकांनी मला पत्र पाठवलं, की उत्पादनात व्यत्यय येत असल्यामुळे यापुढे विद्यार्थी घेता येणार नाहीत. वर्षभरात वर्कशॉप भिवंडीकडे हललं. रोजचा तो प्रवास मॅडमच्या गुडघ्यांना झेपणार नव्हता. त्यांनी काम सोडलं.

त्यानंतर एकदाच त्यांच्या घरी गेलो. खरं तर नव्या कंपनीसाठी कुणाची ओळख मिळते का, म्हणून. त्यांनी चहा केला, दोन नावं सांगितली. ती लिहून घेत असताना त्यांनी सहज विचारलं, "सर, या वर्षी किती पोरं तुमच्याकडे?"

"एकेचाळीस गट."

"सगळ्यांचे रिपोर्ट वाचता?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "बरेच न वाचताच सही करतो."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या नेहमीच्या मानाने फारच हळू म्हणाल्या, "थकत असाल."

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

"मी पण थकायची हो," त्या म्हणाल्या. "थकले की मी सही करायची नाही. सांगायची, आज नाही, उद्या या. उद्या आपण जरा बरे असतो."

मी जिना उतरलो. पुन्हा येतो म्हणालो होतो, जाणं झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचं सायलीने कळवलं.

आता मार्चमध्ये मुलं सहीसाठी माझ्या टेबलाभोवती गर्दी करतात तेव्हा मी कधीकधी म्हणतो, "आज नाही, उद्या या." मुलं वैतागतात. आणि कधीकधी, खरं तेच सांगतो, मी करूनही टाकतो.