साखर तपासायला घाट उतरून

घोडेगावच्या स्टँडवरून डोंगराकडे जाणारी एसटी वेळेवर सुटली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझी मामेबहीण सुनंदा सहा महिन्यांची गरोदर. तिच्या साखरेच्या तपासणीला सोबत म्हणून मी पुण्याहून निघाले होते.

सुनंदाच्या गावच्या आरोग्य केंद्रावर ‘सर्व सेवा एका छताखाली’ असा कोरा करकरीत फलक होता. छत खरोखरच उत्तम होतं. नर्सबाईंनी सुनंदाला ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि घड्याळ पाहिलं.

"दोन तासांनी रक्त तपासायचं. पण मशीनच्या पट्ट्या संपल्यात, ताई. खालच्या मोठ्या दवाखान्यात जावा. तवर दोन तास व्हत्यातच."

वाट बघायचा वेळ घाटात घालवायची ही सोय ज्याला सुचली, त्याचा सत्कारच करायला हवा.

जीपवाल्याला घाई नव्हती. "पावणं, गाडी भरल्याबिगर न्हाई निघायची." भरली. चौदा माणसं आणि हिरड्याची (डोंगरातलं औषधी फळ) दोन पोती. वळणावळणाला सुनंदाला मळमळत होतं. ओकारी झाली तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून. तोंडात पदर धरून ती बाहेरच्या भातखाचरांकडे बघत राहिली.

पोचलो तेव्हा दोन तासांना दहा मिनिटं कमी होती. खिडकीतल्या बाबूंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "नोंद वरची आहे. वरून चिठ्ठी आणा."

मी भांडायला तोंड उघडणार, तोच सुनंदा बोलली. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी.

"भाऊ, गेल्या बारीला बाळ साडेचार किलोचं व्हतं. लई गुटगुटीत म्हणून समदी खूश. रडलंच न्हाई ते. तवा माजी साखर कुनी बघितली न्हाई. आता बोट टोचायला चिठ्ठी पायजे?"

बाबू उठले. मशीन आलं. साखर वाढलेलीच निघाली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, नीट समजावलं. आहाराच्या छापील तक्त्यात मात्र ओट्स आणि ब्रोकोली. सह्याद्रीची पारंपरिक पिकं! वर परतल्यावर नर्सबाईंनी तो कागद उलटा करून मागे लिहिलं: भात थोडाच, नाचणीची भाकरी, पालेभाजी, जेवून चालणं. पट्ट्या त्यांनी भांडून मिळवल्या आणि दर आठवड्याला घरी येऊन बोट टोचलं.

सेवांचं एकत्रीकरण म्हणतात ते मी पाहिलं ते एवढंच: एक बाई वर, एक खाली, आणि मधे ओकारी दाबून बसलेली सुनंदा.

मी पुण्याला परतले. पुढे तिला मुलगी झाली, तीन किलोची, ठणठणीत. पोर बारीक आहे म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली.

बाळंतपणानंतर साखर पुन्हा तपासायची होती. मी येते म्हटलं.

"नको, ताई," ती फोनवर म्हणाली, "कुठं काय बोलायचं ते आता मला ठावं हाय."