दहातल्या सात ओळी

आम्ही शेतावर राहायला गेलो त्या वर्षी माझ्या तीन मुलांची शाळा मी घरीच घेतली. मी स्वतः चौथी पास आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याआधी आम्ही अकोल्यात होतो. यजमान डाळ मिलमध्ये कामाला होते. मामंजी घसरून पडले, त्यांचा खुबा मोडला, आणि नांदगाव खंडेश्वरजवळचं शेत पाहायला घरात कोणी उरलं नाही. थोडं सोयाबीन आणि बाकी सगळा भाजीपाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलांचे दाखले काढले, सामान टेम्पोत टाकलं आणि आलो. आल्यावर कळलं की शाळेच्या वाटेवरच्या नाल्याचा पूल पाडलाय, नवा व्हायला वर्ष लागेल, आणि तोवर एसटी बंद. भाजी मागच्या कच्च्या रस्त्याने अमरावतीला जायची, पण तो रस्ता शाळेकडे जात नव्हता.

यजमान मोठा वळसा घालून मुख्याध्यापकांना भेटून आले. सर म्हणाले, "पुढच्या जूनमध्ये आणा. मी परीक्षा घेतो. ज्याला ज्या वर्गाचं येईल, त्या वर्गात बसवतो."

मोठी मुलगी सातवीत जायची होती, मधला पाचवीत, धाकटी दुसरीत.

सासूबाई म्हणाल्या, "एक वर्ष पोरगी घरी राह्यली तर काय बिघडते? भाकर तरी शिकीन."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते 'एक वर्ष' माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. माझ्या माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला पुढच्या गावी जावं लागायचं. त्या वर्षी आईला बाळ झालं आणि मला सांगितलं, एक वर्ष घरी राहा, मग जाशील. ते वर्ष अजून संपलेलं नाही. मोठीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनात पक्कं केलं. कसं होऊ द्यायचं नाही, ते मात्र ठाऊक नव्हतं.

अशात अकोल्याहून नणंदबाई भेटायला आल्या. त्यांना एकच मुलगा, नऊ वर्षांचा. त्यांच्या घरापासून शाळा दोन गल्ल्यांवर आहे, तरी त्याला त्या हौसेने घरी शिकवतात.

"वहिनी, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आमी त्याले घरीच शिकवून राहिलो ना! फक्त अभ्यासक्रम बरोबर निवडावा लागते."

मला वाटायचं अभ्यासक्रम एकच असतो, रेशनच्या गव्हासारखा, जो येईल तो घ्यायचा. नणंदबाईंनी पिशवीतून चकचकीत कागदाची तीन पुस्तकं काढली. एका अभ्यासक्रमात मुलाला जे आवडेल तेच शिकवायचं होतं. आमच्या मधल्याला त्या दिवसांत विहिरीत खडे टाकून बुडबुडे मोजायला आवडत होतं. दुसऱ्यात सकाळी नऊ ते दहा निसर्गनिरीक्षण होतं. आमची मुलं उठल्यापासून झोपेपर्यंत निसर्गातच होती, निरीक्षण मला करावं लागायचं. तिसरा सगळा मोबाइलवर होता, आणि आमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या टिनावर चढलं तर यायची.

"मंग शाळा काय टिनावर भरवतं?" सासूबाईंनी विचारलं. "अन् तुह्या पोराले पाढे येतात का?"

"आई, पाढे आता कोणी पाठ नाई करत. तो समजून घेते."

"बरं. सतरा पाढा समजला का त्याले?"

"समजून घेऊन राहिला ना अजून," नणंदबाई म्हणाल्या आणि चहा गाळायला उठल्या.

त्या गेल्यावर मी ठरवलं की अमरावतीला जाऊन आपणच पुस्तकं आणायची. एका सकाळी वांग्याच्या पोत्यांबरोबर टेम्पोत बसून गेले. यजमान बाजारात थांबले आणि मी पुस्तकाच्या दुकानात. मला दुकानात बोलायला जमत नाही. मी बोट दाखवते. पण पुस्तकांच्या ढिगाकडे बोट दाखवलं की दुकानदार अख्खा ढीगच काढून समोर ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळं माझ्या पुढ्यात आलं.

आता यातून निवडायचं कसं? मला एकच निवड येते, ती बियाण्याची. पेरणीच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सत्तर उगवले की बियाणं पेरायला चांगलं. आमच्या सासूबाई दहाच दाणे ठेवतात, शंभर मोजायचा त्यांना कंटाळा. दहातले सात उगवले की पेरा. नुकतीच पेरणी झाली होती, ते गोणपाट अजून ओसरीवर वाळत होतं. मी तोच नियम लावला. पुस्तक कुठेही उघडायचं, दहा ओळी वाचायच्या, समजलेल्या ओळी बोटांवर मोजायच्या. सात समजल्या तर पुस्तक चांगलं.

सातवीचं विज्ञान उघडलं. दहातल्या दोन समजल्या, आणि त्यातली एक म्हणजे चित्राखालचं नाव. ते बाजूला ठेवलं. पाचवीच्या गणितात चार. इंग्रजीत एक, तीही चित्रावरून. दुसरीच्या पुस्तकात दहाच्या दहा समजल्या, पण दहाचे दहा उगवले की मला संशय येतो. एवढ्या सोप्यात शिकायचं ते काय? ओठ हलवत, बोटं मोजत मी तासभर तिथे उभी होते.

शेवटी दुकानदाराने विचारलं, "बाई, परीक्षा तुमची आहे का?"

मी पुढचा ढीग जवळ ओढला. चौथीची पुस्तकं उघडली आणि काय सांगू, सात, आठ, सात, नऊ! अशी एकसारखी उगवण मी कधी पाहिली नव्हती. मी तीन बोटं दाखवली. चौथीचे तीन संच बांधून घेतले.

गठ्ठा टेम्पोत ठेवताना यजमान म्हणाले, "वजनदार आहे. अभ्यास चांगला दिसते."

घरी मोठीने गठ्ठा सोडला. आधी वरचं पुस्तक पाहिलं, मग मधलं, मग खालचं.

"आई, हे सगळं चौथीचं आहे."

"चांगलं आहे ते. मी पाहून आणलं."

"अगं, पण हे मी केव्हाच शिकले!"

"मंग दुसऱ्यांदा जास्त चांगलं येईल," मी म्हटलं. आईने माघार घेऊ नये असं मला तेव्हा वाटायचं.

मधला खूश झाला. चौथी तो नुकताच पास झाला होता, म्हणून त्याने लगेच वर्षभराची सुट्टी जाहीर केली. धाकटी पुस्तक उलटं धरून चित्रं पाहत बसली.

आमची शाळा कारल्याच्या मांडवाखाली भरायची. वर वेल, खाली सावली, मध्ये लोंबणारी कारली. धाकटी एकेका कारल्याला जोडाक्षर म्हणायला लावायची, कारण तिला स्वतःला येत नव्हती. मधला 'झालं माझं' म्हणून विहिरीकडे पळायचा. आणि मोठीने आठ दिवसांत चौथीचं सगळं गणित सोडवून वही मिटली. रागावली नाही, रडली नाही. उठून घरात गेली आणि आजीजवळ बसून भाकरी थापायला लागली.

तिचा हात चांगला होता. पहिल्या भाकरीला कोपरे आले, पाचवी जरा बरी झाली, आणि पंधरा दिवसांनी सासूबाईंनी तव्यावरची भाकर उचलून मला दाखवली.

"पाह्य, कशी गोल करून राहिली पोरगी! चंद्रच!"

भाकर खरंच सुरेख होती. मीही पाचवीच्या त्या वर्षी अशीच भाकर शिकले होते, आणि माझ्या आईनेही शेजारणींना अशीच उचलून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भेंडी तोडत होतो. भेंडीने हात खाजतात म्हणून आम्ही जुने मोजे हातात घालतो. मोठी तिच्या ओळीतून म्हणाली, "आई, एक विचारू? तू ती पुस्तकं कशी निवडली?"

मी तिला सगळं सांगितलं. दहा ओळी, सात बोटं, गोणपाट, सगळं. ती आधी हसली. मोजे घातलेले हात तोंडावर धरून खूप हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे पुस्तक माझं आणि ओळी मोजल्या तू?"

"मंग कोण मोजीन?"

"अगं मी! चाचणी माझ्यावर घ्यायची ना, आई! तू चौथी शिकली, मग तुला चौथीचंच समजणार!"

इतकी साधी गोष्ट, आणि मला अमरावतीला जाऊन तासभर उभं राहूनही सुचली नव्हती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "उद्या चल माझ्यासोबत."

"उद्या आजी पुरणपोळी शिकवणार आहे."

"नाई शिकायची पुरणपोळी," मी म्हटलं. हे मी एवढ्या मोठ्याने बोलले की पलीकडच्या ओळीतून यजमानांनी मान वर काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पोत्यांवर बसून अमरावतीला गेलो. दुकानदाराने मला ओळखलं. आम्ही परत आणलेला गठ्ठा पाहिला आणि म्हणाला, "बाई, अजून चौथी पाह्यजे का?"

या वेळी चाचणी मुलांनी दिली. धाकटीने दुसरीच्या पुस्तकातल्या दहा ओळी अख्ख्या दुकानाला ऐकवल्या. तिला आठ आल्या, आणि न आलेल्या दोन तिने मनाने बनवल्या. मधल्याने पाचवीचं पुस्तक पुरतं न उघडताच "दहा!" म्हणून सांगितलं. मी त्याला तिथेच वाचायला लावलं. सात निघाल्या, त्यालाच नवल वाटलं. मोठीने सातवीचं विज्ञान उघडलं आणि मनातल्या मनात वाचून नऊ बोटं दाखवली. बोटं दाखवायची सवय तिने माझीच घेतली आहे.

मग तिने हळूच आठवीचं पुस्तक ओढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "सहाच," ती म्हणाली आणि परत ठेवायला लागली.

नियम साताचा होता. पण शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं, की उगवण कमी असली तर बियाणं फेकत नाहीत, जरा दाट पेरतात. मी दुकानदाराकडे पाहिलं आणि बोलले. बोटाने नाही, तोंडाने.

"सातवीचं द्या आणि आठवीचंही द्या. सहा उगवले तरी चालते. आमी दाट पेरू."

त्याला काही कळलं नसेल. पण त्याने दिलं, आणि चौथीचे दोन संच परतही घेतले. तिसरा मी ठेवून घेतला. कोणासाठी, ते त्याने विचारलं नाही.

पुस्तकं बरोबर आली, पण शिकवायचं कोणी? मधल्याचं आणि धाकटीचं मी ओढत न्यायची. सातवीचं माझ्या आवाक्यात नव्हतं. म्हणून मोठीसाठी मी वेगळी शाळा काढली. तिने धडा आधी स्वतः वाचायचा, मग मला समजावून सांगायचा. दहातल्या सात गोष्टी मला समजल्या तर धडा झाला. नाही तर पुन्हा.

ती फार चिडायची. "आई, इतकं कसं समजत नाही गं तुला?"

"मी चौथी पास आहे. हळू सांग."

एक धडा तिने मला पाच वेळा सांगितला. पाचव्या वेळी मला समजला, आणि तिला तर आता झोपेतही आला असता. इंग्रजीत मात्र मी सातापर्यंत पोहोचेना. तिथे तीन ठरवले. पाढ्यांचं खातं सासूबाईंनी घेतलं. कारली खुडता खुडता त्या मधल्याला सतरा पाढा विचारायच्या, आणि चुकला की त्याला कारल्याचा रस पाजायची धमकी द्यायच्या. तो सतरा पाढा आजही धावत म्हणतो. अकोल्याच्या भाच्याचं मात्र अजून समजून घेणं चालू होतं.

नणंदबाईंचा एकदा फोन आला. यजमान टिनावर चढून बोलत होते, आम्हाला खाली ऐकू येत होतं.

"दादा, वहिनींनी कोणता अभ्यासक्रम निवडला मंग?"

"कारल्याचा," यजमान ओरडले.

"म्हणजे कोणाचा?"

"आमच्याच मांडवाचा वं!"

पुढच्या जूनमध्ये पूल झाला आणि आम्ही तिघांना घेऊन शाळेत गेलो. मी दाराबाहेर, पदर तोंडाशी धरून. मधला आणि धाकटी लवकर सुटली. मधला सहावीत, धाकटी तिसरीत. मग मोठीची पाळी. सरांनी विज्ञानातलं काही तरी विचारलं, आणि ती सांगायला लागली. मला सांगायची तसंच. अगदी मुळापासून, हळूहळू, हाताने हवेत चित्रं काढत. मध्येच थांबून तिने सरांना विचारलं, "इथपर्यंत समजलं ना? नाही तर परत सांगते."

सरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेलं वर्ष.

मग सर म्हणाले, "समजलं. घरी कोणाला शिकवत होतीस गं?"

तिने दाराकडे पाहिलं. मी पदर आणखी वर घेतला. "आईला," ती म्हणाली. "ती मला शिकवत होती, म्हणून."

सरांना तेही समजलं असावं. त्यांनी कागदावर 'आठवी' लिहिलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी मोठीने डब्याची भाकर स्वतः केली. भेंडीच्या हंगामापासून तिचा हात पिठाला लागला नव्हता. भाकरीला एकीकडे शेपूट आलं होतं आणि दुसरीकडे खिंड.

सासूबाई ती उचलून म्हणाल्या, "पाह्य! वर्षभर घरी राह्यली, अन् भाकर वाकडीच."

मी त्यांच्या हातातून ती भाकर घेतली, दुमडली आणि डब्यात घातली. एसटीने नव्या पुलाच्या अलीकडे हॉर्न दिला. मोठी डबा घेऊन पळत गेली.