रबर लावलेले गठ्ठे

"शनिवारपर्यंत बघते, न्हाईतर सोमवारी दाखला काढते," तिसरीतल्या एका मुलीची आई शाळेच्या फाटकात मला सांगत होती. कुरुंदवाडच्या खासगी शाळेत तिनं चौकशीही करून ठेवली होती. तक्रार एकच. पोरीला वजाबाकी येत नव्हती.

"आमच्या वेळंला हातचा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. तुम्ही पोरास्नी काड्या खेळत बसवलाय. शाळा हाय का भातुकली?"

"ताई, अभ्यासक्रम बदललाय. आधी हातानं करायचं, मग वहीत."

"मग हातानं तरी येतंय का तिला?"

ती सायकल वळवून निघून गेली आणि मी वर्गात जाऊन यादी काढली. यादीशिवाय मला विचार करता येत नाही. प्रशिक्षण, झालं. पाठाचं टाचण, झालं. खराट्याच्या काड्यांचे डबे, झाले. रोजचा तास, झाला. सगळ्यापुढे बरोबरची खूण होती, आणि मुलीच्या वहीत बेचाळीसातून सतरा गेले की पस्तीस उरत होते. आणखी वह्या उघडल्या. निम्म्यांत तेच पस्तीस. नवी पद्धतच चुकीची असावी, असंही मनात येऊन गेलं, आणि तसं वाटल्याचं थोडं बरंही वाटलं.

गुरुवारी मी टेबल सोडून त्या मुलीजवळ सतरंजीवर बसले. तिनं दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे मांडले, शेजारी दोन सुट्या काड्या ठेवल्या. सतरामधल्या दहाचा एक गठ्ठा बाजूला काढला. आता सात काड्या काढायच्या होत्या. सुट्या तर दोनच. तिनं गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ सातातून दोन वजा करून, पस्तीस लिहून मोकळी झाली.

"अगं, गठ्ठा सोड की."

"नको बाई."

"का?"

"तुम्हीच लिवलंय न्हवं, सोडायचा न्हाई म्हणून." तिनं डब्याचं झाकण पालथं करून पुढे धरलं.

अक्षर माझंच होतं. डबे परत घेताना मोजदाद सोपी जावी म्हणून जूनमध्ये मी प्रत्येक झाकणावर कागद चिकटवला होता: 'सुट्या काड्या नऊ. गठ्ठे दहा. गठ्ठे सोडू नयेत.' रबरंही मीच दुहेरी लावली होती. प्रशिक्षणात शिकवलेली सगळी गोष्ट गठ्ठा सुटण्याची होती आणि मी तेवढीच बंद करून ठेवली होती.

"सोडा रे सगळे गठ्ठे," मी म्हणाले. कुणी हललं नाही. मी स्वतः एक रबर ओढलं, ते तुटून फळ्यावर जाऊन बसलं, तेव्हा वर्ग हसला आणि मग जो गोंधळ झाला तो शेजारच्या गुरुजींनी दारात येऊन बघितला. काड्या कोपऱ्याकोपऱ्यात गेल्या. मला त्या गोळा कराव्याशा वाटत होत्या. हात मागे बांधून उभी राहिले.

शनिवारी आई आली. मुलीनं काड्या मांडल्या, गठ्ठा सोडला, पुन्हा पुन्हा मोजून पंचवीस म्हणाली. आई रोज म्हशीसाठी वैरणीच्या पेंढ्या बांधणारी. बोलता बोलता तिनं उरलेल्या काड्या गोळा करून रबर चढवायला घेतलं.

"आई, बांधू नको! बाई वरडत्यात!"

"ह्या बाई? परवापतोर सोडलं तर वरडत व्हत्या की." माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दाखल्याचं ऱ्हाऊ द्या. पण चाचणी झाली की परत येणार हाय मी. वही बघायला."

ती गेल्यावर मी झाकणांवरचे कागद खरवडून काढले. बसवेना म्हणून कपाटही उघडलं. पुढच्या आठवड्यात किती वाजले ते शिकवायचं होतं. पुठ्ठ्याची घड्याळं नीट रचून ठेवलेली होती. प्रत्येकाच्या पाठीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'काटे फिरवू नयेत.'