वहिनींचं ‘पिक अप’

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी गावी, दरेकशालाच होतो. मिळाली ती गाडी धरून गोंदियाला उतरलो आणि सवयीनं स्टेशनच्या पुलाच्या जिन्याखाली पाहिलं... तिथं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला रडू फुटलं ते तिथंच, घरी पोहोचायच्या आधी.

दादाचं गोंदियात किराणा दुकान, आणि वहिनी घरीच इंग्रजीची शिकवणी घेत. बारावीला मी इंग्रजीत आपटलो तेव्हा बाबांनी बजावलं, अजून एकदा बसून पाहा, नाही तर गुपचूप धानाच्या बांधीत उतर. मला शिकायचं होतं. म्हणून वहिनींकडे राहायला आलो. त्यांची तऱ्हा जगावेगळी! आठवडाभर एकच क्रियापद, आणि अर्थ म्हणून सांगायचा नाही. ‘पिक अप’च्या आठवड्यात मिरच्या सांडल्या की ‘पिक अप!’ फोन वाजला आणि त्यांचे हात कणकेत असले की ‘पिक अप!’ मधेच मला ताप आला. उतरल्यावर दोन घास जास्त जेवलो, तर कौतुकानं म्हणाल्या, “यू आर पिकिंग अप!” शेजारची चिमुरडी खेळता खेळता छत्तीसगढी बोलू लागली, तेही पिक अपच. मी वैतागलो.

“वहिनी, एक कोणता तरी पक्का अर्थ सांगा ना!”

“काऊन? धानाचं एकच होते काय? भात होते, पोहे होते, मुरमुरे होते. वापरून पाह्य, समजते आपोआप.”

त्या रविवारी गावाहून परतलो, तर जिन्याखाली कापडी पिशवी घेऊन वहिनी उभ्या.

“कायले आल्या? ऑटो भेटते ना.”

“भेटते. पण हा अर्थ शिकवाचा राहून गेला होता.”

परीक्षेत मी काठावर का होईना, पास झालो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले. अर्थ कधीच शिकून झाला होता, पण वहिनी यायच्या थांबल्या नाहीत. गुडघे दुखायला लागले तरी येत. “हिले स्टेशन मास्तरच करून टाका,” असं दादा चिडवायचा. तो स्वतः मात्र गल्ला सोडून कधी कुणाला घ्यायला गेला नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा गोंदियाला गेलो. उतरलो आणि जिन्याकडे न बघताच ऑटोकडे निघालो होतो, तेवढ्यात हाक आली. जिन्याखाली दादा उभा होता. हातात वहिनींची तीच कापडी पिशवी.

“दुकान?”

“बंद करून आलो.” मग दुसरीकडे बघत म्हणाला, “ती असती त आली असती ना...”