ललिताबाईंना ग्रुपमधून काढलं तेव्हा

ललिता साळवे विक्रीकर खात्यातून निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "मॅडम फार शांत स्वभावाच्या." मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यांदा खोकलं. मॅडमचा आवाज कधी चढत नसे हे खरं. पण न पटलेली गोष्ट त्यांनी मुकाट्याने गिळलेली उभ्या ऑफिसात कुणी पाहिली नव्हती. "हे मला पटत नाही, का ते ऐका," असं म्हणून त्या कारण सांगत. समोरचा चिडला, तर त्याचं चिडून होईपर्यंत थांबत आणि मग उरलेलं कारण सांगत.

सवय माहेरची. ताडीवाला रोडवर दोन खोल्यांचं घर. वडील रेल्वेत फिटर, काका पोस्टात. दोघांचा पक्ष एक, गट मात्र दोन. रविवारी दुपारी अशी जुंपायची की शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहत. आई भाकरी थापता थापता एकच तंबी द्यायची, "आधी त्याला संपवू दे, मग तू त्याला संपव." जेवायला दोघे भाऊ शेजारी शेजारी. सुकट कुणाच्या ताटात जास्त पडलं, यावरून मग निराळं भांडण.

अशा घरातली मुलगी बिबवेवाडीच्या हास्यक्लबात गेली. नवरा गेल्यावर सकाळ खायला उठायची, म्हणून शेजारच्या कमरजहांने तिला ओढून नेलं. बागेतल्या हिरवळीवर वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक हात वर करून विनाकारण हसत होते. ललिताबाईंना पहिल्या दिवशी लाज वाटली. आठवड्याभरात त्यांचं हसू सगळ्यांत लांबवर ऐकू जाऊ लागलं.

क्लबचे सर्वेसर्वा बद्रीनाथशेठ. मार्केट यार्डात त्यांची गुळाची आडत. आता गाळा मुलगा बघायचा आणि शेठ क्लब बघायचे. पूर्वी कराच्या कामासाठी ललिताबाईंच्या टेबलापुढे उभं राहावं लागे, म्हणून ते त्यांना अजून 'साळवे मॅडम' म्हणत. संक्रांतीला तिळगुळासाठी गूळ त्यांचाच. दोघांचं मत कधी एका चिन्हावर पडलं नसेल, पण कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडायला लागलं ते निवडणुका एकामागोमाग एक येऊ लागल्यावर. सकाळी फुलं आणि सुविचार पाठवणारा क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप दुपारपर्यंत तलवारी उपसू लागला. एकदा शेठनी पाठवलं, की एका परदेशी विद्यापीठाने म्हणे आपल्या सरकारला शंभरपैकी शंभर गुण दिलेत. ललिताबाईंनी विचारलं, "कुठलं विद्यापीठ?"

शेठ म्हणाले, "तुम्हाला देशाचं चांगलं बघवत नाही."

"देशाचं बघवतं," ललिताबाईंनी लिहिलं. "या मजकुरातलं शुद्धलेखन बघवत नाही. विद्यापीठाचं नाव सांगा."

नाव आलं नाही. तीन झेंडे आले, आणि पाठोपाठ त्यांना ग्रुपमधून काढल्याची ओळ. ललिताबाई ती ओळ वाचत ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. ओटा पुसताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला रडू येतंय. इतक्या वर्षांत साहेबांनी फायली भिरकावल्या होत्या, व्यापाऱ्यांनी शिव्या दिल्या होत्या. पण बोलणं चालू असताना कुणी दारच लावून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी बागेत हजर. शेठ चपापले. ललिताबाई म्हणाल्या, "ग्रुपचे मालक तुम्ही. बाग महापालिकेची आहे."

पण क्लब फुटायचा तो फुटलाच. कचरू ओव्हाळ हे दूध डेअरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, ललिताबाईंच्याच मतांचे. ते तावातावाने म्हणाले, "ताई, आपण आपला वेगळा क्लब काढू. ज्याला आपलं पटतं त्यानंच यायचं." निम्मी माणसं त्यांच्यामागे गेली. बागेच्या एका टोकाला शेठचा क्लब, दुसऱ्या टोकाला कचरूभाऊंचा. एका टोकाला हा हा झालं की दुसऱ्या टोकाला हो हो. फिरायला येणाऱ्यांना वाटे, हे एकमेकांनाच हसताहेत. फारसं चुकीचंही नव्हतं ते.

कचरूभाऊंकडे ललिताबाईंना सुरुवातीला बरं वाटलं. पण तिथे सगळे एकच बोलत आणि सगळेच माना डोलवत. कमरजहां म्हणाली, "अगं, इथे तर बोलायचीही गरज नाही. एकानं बोलावं, बाकीच्यांनी घरी बसावं."

त्यातच नव्या नगरसेविकाबाईंनी बागेत महिलांसाठी स्वच्छतागृह मंजूर करून आणलं. बाई शेठच्या पक्षाच्या. ललिताबाईंनी यासाठी क्षेत्रीय कार्यालयात वर्षानुवर्षे खेटे घातले होते. कमरजहांला मधुमेह, बिचारीला अर्ध्या फेरीतून घरी पळावं लागे. ललिताबाई क्लबात मोकळेपणी म्हणाल्या, "बाईंनी काम चांगलं केलं."

कचरूभाऊंचा चेहराच उतरला. "ताई, तुम्हीच असं बोललात तर लोकांनी काय समजायचं?"

"काम चांगलं केलं, असं समजायचं."

"आत्ता काही दिवस जरा गप्प राहा," कचरूभाऊ म्हणाले. त्यानंतर इथेही ललिताबाईंशी बोलताना माणसं इकडेतिकडे बघू लागली.

पुढच्या रविवारी बागेतच नगरसेविकाबाईंनी नागरिकांची सभा घेतली. छोटा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक. हिरवळीच्या कोपऱ्यात व्हायच्या स्वच्छतागृहाचा नकाशा दाखवून झाला. "काही सूचना?" बाईंनी विचारलं. सूचना नसतील याची त्यांना खात्री होती.

बद्रीनाथशेठ उठले. "माझा या जागेला विरोध आहे," ते म्हणाले.

मांडवातल्या माना वळल्या. मग पुढच्या रांगेतली पक्षाची पोरं उसळली. "शेठ, आपल्याच ताईंच्या कामाला विरोध?" "कुणी पढवून पाठवलं?" एकाने तर सरळ विचारलं, "किती मिळाले?" मागून कचरूभाऊंच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. शेठ तोंड उघडायचे, की गलका. हातातला रुमाल नुसता चुरगळत होता. आयुष्यभर ज्यांच्या सभांना खुर्च्या पुरवल्या, त्यांच्यासमोर हा माणूस दोन वाक्यं सलग बोलू शकत नव्हता.

एक क्षण, खोटं कशाला सांगा, ललिताबाईंना गोड वाटलं. घ्या आता, असंच झालं मनात. शिवाय स्वच्छतागृह त्यांना हवंच होतं. शेठ खाली बसले असते तर काम झालं असतं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना आपला ओटा आठवला. त्या उठल्या आणि माइकपाशी गेल्या. पोरांना वाटलं, आपल्या बाजूने आल्या. टाळ्या पडल्या.

"मला हे स्वच्छतागृह हवंय," ललिताबाई म्हणाल्या. "शेठचं म्हणणं मी खोडून काढणार आहे. पण ते आधी त्यांना मांडू तर द्या! न ऐकलेलं खोडायचं कसं?"

"मॅडम, ते विरोधात बोलताहेत," एक पोरगा म्हणाला.

"बाजूने बोलायला तुम्ही एवढे जण आहात की. तेवढं पुरे." आणि त्यांनी माइक शेठच्या हातात दिला. स्वतः शेजारीच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन ओरडायची मग कुणाची छाती झाली नाही.

शेठ आधी अडखळले, मग सुरात आले. हिरवळीला वास येईल. संध्याकाळी टवाळ पोरं जमतील. बागेची शोभा जाईल. आणि शेवटी म्हणाले, "तो कोपरा सगळ्यात खोलगट. पावसाळ्यात घोटाभर पाणी असतं तिथे. मैला उलटा वर येईल. मी तीन पावसाळे बघतोय."

ललिताबाईंनी माइक घेतला. रोज धुतलं तर वास येत नाही, आणि धुवून घेणं हे आपलं काम. टवाळ पोरं आत्ताही जमतात, त्यांना शौचालय लागत नाही. शोभेचं म्हणाल, तर कमरजहांसारख्या बायका अर्ध्यावरून पळतात त्यात कसली शोभा? लोक हसले, शेठसुद्धा. मग त्या शेठकडे वळल्या. "पाण्याचं मात्र खरं आहे. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जागा बदला. फाटकाशी, रखवालदाराच्या खोलीलगत उंचवटा आहे, तिथे बांधा."

बरोबर आलेल्या इंजिनिअरने नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि तिथे ड्रेनेजची लाइन जवळ पडेल, असं कबूल केलं. नगरसेविकाबाईंनी घाईघाईने "हेच तर मी म्हणत होते," असं जाहीर केलं.

सभा संपल्यावर कचरूभाऊ घुश्शात आले. "ताई, ज्यानं तुम्हाला काढलं, त्यालाच तुम्ही सांभाळून घेतलंत?"

"सांभाळलं कुठे, कचरूभाऊ? सगळ्यांदेखत तीन मुद्दे पाडले की त्यांचे. तुमच्याकडेही कुणी न पटणारं बोललं तर असंच जमतंय का बघा." कचरूभाऊ घुश्शातच खुर्च्या रचू लागले, पण निघून गेले नाहीत.

फाटकाशी शेठ वाट बघत होते. "मॅडम, तुमच्यामुळे आज अब्रू राहिली."

"अब्रूचं राहू द्या. चौथा मुद्दा बरोबर होता तुमचा, त्याचाच राग आलाय मला."

शेठ हसले. मग खाली बघत म्हणाले, "ते ग्रुपमधून काढलं... तसं करायला नको होतं. घरी बायकोही बोलली मला."

"वाईट वाटलं होतं," ललिताबाई म्हणाल्या. एवढंच. शेठनी मान हलवली, आणि कमरजहां मागून आल्यावर तिघे बरोबरच फाटकाबाहेर पडले.

क्लब अजून दोनच आहेत. एवढ्याने एक व्हायला माणसं काही खुळी नाहीत. शेठचं मत बदललेलं नाही, ललिताबाईंचंही नाही. मात्र त्या आता कधी या टोकाला हसतात, कधी त्या, आणि दोन्हीकडे माणसं त्यांना सरकून जागा देतात. स्वच्छतागृहाच्या भिंती कमरेएवढ्या आल्यात. दार रस्त्याच्या बाजूला असावं असं शेठचं म्हणणं, आतल्या बाजूला असावं असं कचरूभाऊंचं. रोज सकाळी दोघे विटांच्या ढिगापाशी उभे राहून भांडतात. ललिताबाईंना दोघांचंही पटत नाही. त्या आपली पाळी येण्याची वाट बघत उभ्या असतात.