दोन नळ्या, दोन कान

घराला घर लागून, म्हणून ऐकू आलं. मुद्दाम कान दिला न्हाई. फार वर्षं झाली.

"पुन्हा माझ्या परातीत कार्बोरेटर धुतलाव," शेजारची गुरुबाई नवऱ्याला म्हणत होती. "भाकरीला पेट्रोलचा वास यायलाय."

"नवी आणतो," काशप्पा म्हणाला.

"मागच्या दोन नव्या कुठं हायती?"

"गॅरेजात. घरातली स्वच्छ असती."

लेकराला न्हाऊ घालावं तसं ज्याला धुतात ते असतं तरी काय, हे बघायला मी दुसऱ्या दिवशी त्याच्या गॅरेजात गेले. आमच्या मन्नाएखेळ्ळी गावात हायवेला लागूनच आहे. बघते तर हातात मावेल एवढं डबडं. काशप्पा म्हणाला, "अक्का, यात हवा आन् पेट्रोल मिसळतंय. पीठ जास्त झालं की पिठलं घट्ट, पाणी जास्त झालं की पातळ. तसंच हाय." मला पटलं. तिथून चौकशीला जायची जी सवय लागली, ती सुटलीच न्हाई.

अलीकडच्या गाड्यांत ते डबडं राहिलं न्हाई. यंत्रच पेट्रोल मोजून फवारतंय. काशप्पाकडं जुन्या मोटारसायकली तेवढ्या यायच्या. त्यातच त्याचा डावा कान गेला, ऐकू आलं तर जरासंच. हे गुरुबाईला ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्याला न्हाई. इंजिन ऐकून दुरुस्त करणारा माणूस तो. कान गेल्याचं हायवेवर कळलं असतं तर शटर ओढायची पाळी.

गेल्या साली जनवाड्याचा बसवप्रभु आडत्या एक लाल गाडी टेम्पोत घालून आला. दोनच माणसांची, शर्यतीची, बसायचं तर आधी लोळावं लागेल एवढी बुटकी. हैदराबादेतून हौसेनं घेतलेली. पण तिचं फवारणीचं यंत्र बिघडलेलं आणि सामान कुठं मिळेना.

"काशप्पा अण्णा, ते सगळं काढा, दोन कार्बोरेटर बसवा."

सगळं जग पुढं जायलंय, हे मागं कामून? मी विचारलंच.

"अक्का, मागं जाऊन चालंल तरी," बसवप्रभु म्हणाला. "आता नुसती उभी हाय."

काशप्पानं टाकीतला जोराचा पंप काढून हलका बसवला. न्हाईतर डबड्यातून पेट्रोल उतू जातंय म्हणे. मग आलं खरं काम. दोन्ही डबड्यांनी हवा सारखी ओढली पाहिजे. त्याची रीत अशी: रबराच्या दोन नळ्या, एकेक टोक एकेका डबड्याच्या तोंडाशी, दुसरी टोकं दोन्ही कानांत, डॉक्टरासारखी. दोन्हीकडून सुस्कारा सारखा आला की झालं.

त्यानं ऐकलं, स्क्रू फिरवला, पुन्हा ऐकलं. "सारखं झालं," म्हणाला. गाडी मात्र हिवताप भरल्यासारखी हुडहुडत होती. त्यानं डावीकडचं आणखी वाढवलं. ती आणखीच हुडहुडली.

गुरुबाई चहा घेऊन आली होती. "डावीकडचं उगं वाढवायलाव," ती म्हणाली. "कमी तुमच्या कानाला यायलंय, डबड्याला न्हाई." हळू म्हणाली न्हाई, चालत्या इंजिनात हळू बोललेलं त्याला कळलं नसतं.

काशप्पानं चांगल्या कानानं दोन्ही नळ्या आलटून पालटून ऐकल्या. पण दुसरीकडं जाईपर्यंत पहिला आवाज ध्यानात टिकेना. शेवटी त्यानं आपणहून नळ्या तिच्याकडं दिल्या. तिनं पदर मागं सारून त्या कानांत घातल्या.

"काय यायलंय?"

"उजवीकडं फोडणी चुरचुरायलीय. डावीकडं कुकर फुसफुसायलाय."

त्यानं स्क्रू फिरवला. "आता?"

"थोडं आणखी. हां. आता दोन्हीकडं फोडणी."

गाडी थरथरायची थांबली. चुलीपाशी मांजर गुरगुरावं तशी चालायला लागली.

संध्याकाळी बसवप्रभु गाडी न्यायला आला, हायवेला एक चक्कर मारली. "असा कान जिल्ह्यात दुसरा न्हाई, अण्णा." काशप्पा हात पुसत राहिला. गुरुबाईनं कप गोळा केले.

गिऱ्हाइकाच्या गाडीतून काढलेला माल काशप्पा कधी ठेवून घ्यायचा न्हाई. पुढच्या आठवड्यात तो गोणी घेऊन जनवाड्याला निघाला. माझी लेक मंजुश्री तिथंच दिलीय, म्हणून मीबी त्याच बसला, आधी त्याच्यासंगं बसवप्रभुकडं गेले. त्याचं हे शेवटचं जाणं. महिन्याभरात तो वारला, लिंगैक्य झाला.

"हे भंगार एवढ्या लांब कशाला आणलाव?" बसवप्रभु म्हणाला.

"तुमचं हाय. आन् एक सांगायचं राहिलं. माझा डावा कान गेलाय. गाडी गुरुबाईनं ऐकली, मी स्क्रू फिरवला. पुन्हा बिघडली तर दोघांना बोलवा. कुणी विचारलं तर हेच सांगा."

बसवप्रभुनं हात जोडले. म्हणाला, "गुरुबाईंना माझं शरणार्थी सांगा." लिंगायतांत नमस्कार असाच सांगतात.

काशप्पानं मान हलवली. गोणी सोडून एकेक तुकडा फरशीवर मांडला, हे काय, ते काय, सगळं दाखवलं, पुन्हा भरलं, तोंड बांधलं. अर्धा कप चहा घेतला आणि बसथांब्याकडं चालायला लागला.