नानांचा कान

आमच्या वडिलांना आख्खं गाव नाना म्हणतं, म्हणून आम्हीही नानाच म्हणतो. पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात नानांच्या दोन गोष्टी नावाजलेल्या. एक त्यांचा जुना ट्रक आणि दुसरा त्यांचा कान. ट्रकचं फारसं कौतुक कुणी करायचं नाही, कारण तो वाटेत कुठेही बसायचा. कानाचं मात्र व्हायचं. साक्रीपासून माणसं बिघडलेल्या गाड्या घेऊन यायची, "नाना, नुस्तं आयकी ल्या" म्हणायची आणि नाना ऐकून घ्यायचे.

ट्रक सुरू होत नसला की नाना कधी पाना घेऊन धावले नाहीत. आधी चाकापाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि ओरडायचे, "सेल्फ दाब!" केबिनमध्ये आमची माय बसलेली असायची. ती स्टार्टरचं बटण दाबायची. "सोड!" म्हटलं की सोडायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हे खातं तिच्याकडे. बाकीच्या सुनांना सासरी आल्यावर चूल दाखवतात, मायला आधी केबिन दाखवली म्हणे. गाडी चालवायला मात्र तिला कधी दिली नाही. तिचा अधिकार बटणापुरता.

सेल्फ दाबल्यावर गाडी काय बोलते, त्यावरून नाना रोग सांगायचे. काहीच बोलली नाही तर वायर तुटली किंवा बटण गेलं. टकटकटक अशी कुरकुर केली तर बॅटरी उतरली. आणि एकदाच "टक्" करून गप्प बसली, तर करंट सेल्फपर्यंत आलाय, पण पुढे कुठेतरी अडलाय. हेच शास्त्र ते घरातल्या माणसांनाही लावायचे. मी लहानपणी रुसून एकदा हुंकार देऊन गप्प बसले की म्हणायचे, "करंट शे, कोठे तरी अडकेल शे," आणि गुळाचा खडा पुढे करायचे. गाडी चालू व्हायची.

पुढे नानांचा गुडघा बिघडला आणि क्लच दाबवेना. तेव्हापासून ट्रक चालवायचं काम आबांकडे गेलं. आबा आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आणि नानांचे जन्माचे वादावादीतले सोबती. त्या दोघांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही. चहात साखर किती, इथपासून भांडण. गाडी अडली की आबांचं एकच निदान असायचं, "ब्याटरी गयी." टायर पंक्चर झालं तरी आबा आधी बॅटरीकडे बघतील, असं नाना म्हणायचे. "तू यस्टी चालाडी. बंद पडनी का डेपोवाला येत. तुले काय मालूम!" स्टीअरिंग गेलं तरी नाना दबले नाहीत ते यामुळेच. त्यांच्यापाशी कान होता, आणि तोवर ट्रकचे धनी तेच.

मी जळगावला एका डाळ मिलच्या ऑफिसात नोकरी करते. ऑफिस मशिनीला चिकटून आहे, त्यामुळे दिवसभर ओरडून बोलावं लागतं आणि तीच सवय घरी येते. नवरा म्हणतो, तुला फोनची गरज नाही, नुसती खिडकी उघड. नानांना मात्र माझं बोलणं फार आवडायचं. "आमनी पोर एकलीच नीट बोलस," असं ते चारचौघांत सांगायचे. बाकीचे सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, ही त्यांची तक्रार होती. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस चिडचिडा होतोच.

गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवस रजा टाकून गावी गेले होते. लाल कांदा निघाला होता. खळ्यात ट्रक उभा होता आणि वर कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागलेली, त्यात निम्म्या आबांच्या. त्याआधीच्या आठवड्यात गाडी रिकामी होती, तेव्हा नानांनी स्वतःच्या हाताने चेसीला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, काळा रंग दिला होता. नवरदेवाच्या बुटासारखी चेसी चमकत होती. वरचा पत्रा गंजलेला आणि खालून ही ऐट.

सकाळी बाजाराला निघायची वेळ झाली. आबा मफलर गुंडाळून आले, केबिनमध्ये चढले, बटण दाबलं. इंजिन फिरेचना. आबा खाली उतरले आणि म्हणाले, "ब्याटरी गयी."

नानांनी हात वर करून हॉर्न दाबला. तो असा बोंबलला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. दिवे लावले, तेही लख्ख.

"हाई ब्याटरी गयेल शे का?" नाना म्हणाले. आबांनी मफलर सारखा केला.

मग नेहमीचा सोहळा सुरू झाला. माय पदर खोचून केबिनमध्ये चढली. नाना गुडघा सांभाळत चाकापाशी बसले आणि त्यांनी डोळे मिटले. आबा आणि मी बाजूला उभे राहिलो. त्या थंडीत खळं अगदी शांत होतं.

"दाब!"

टक्.

मला स्पष्ट ऐकू आलं. एकच, जाड, लोखंडी. मला वाटलं, आता नाना म्हणतील, करंट शे, कोठे तरी अडकेल शे. नाना डोळे मिटून तसेच बसून होते.

"दाब ना वं!"

पुन्हा टक्.

"काहीच आवाज नही," नाना म्हणाले. "वायर तुटनी."

मी आबांकडे पाहिलं. आबांची मान नानांकडे वळली होती. त्यांनीही ऐकलं होतं, आणि जन्मभर ज्या संधीची वाट पाहिली ती त्यांच्यासमोर आयती येऊन बसली होती. पुटपुटणारं गाव, एकटी नीट बोलणारी मी, सगळं एकदम कळलं. कळलं तरी माझं तोंड थांबलं नाही. डाळ मिलचा घसा तो. "अहो नाना, आवाज तर—" एवढं मी बोलले असेन, तेवढ्यात केबिनमधून माय ओरडली.

"मी आजून दाबंच नही! बटन सापडी नही ऱ्हायनं!"

जी बाई डोळ्यावर पट्टी बांधली तरी त्या केबिनमधला खिळान् खिळा दाखवेल, तिला बटण सापडत नव्हतं. आबा केबिनच्या खिडकीकडे बघत राहिले. मायनेही त्यांच्याकडे पाहिलं. मग आबांनी मफलर कानांवर ओढला आणि म्हणाले, "मले बी काहीच आयकू उनं नही."

नानांशी आबांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते हे पहिलं.

नाना मात्र भलतेच खुशीत आले. "इतला वरीस व्हयनात, आजून तुले बटन सापडस नही!" त्यांनी मायला यथेच्छ झापलं. मायनेही "चुकनं बाई" म्हणून सगळं पदरात घेतलं. एरवी भाजीत मीठ जास्त झालं तरी चूक कबूल करत नाही ती.

"आते दाबस," ती म्हणाली. "पण तुम्ही सेल्फवर हात ठेवा. मांगे चिकटना व्हता, तसा शे का दखा."

नानांनी तळहात सेल्फवर ठेवला. मायने दाबलं. टक् झालं, आणि ते नानांच्या तळहाताला जाणवलं. त्यांनी डोळे उघडले.

"एकच टक्!" ते म्हणाले. "सेल्फलोंग करंट ई ऱ्हायना. पुढे अडकी ऱ्हायना."

मग तो हात वायरीवरून, नटांवरून सरकत गेला. पुन्हा दाब, पुन्हा सोड. इंजिनपासून चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी असते, तिच्या टोकाशी बोटं पोचली आणि नानांनी हात झटकला. पट्टी चटका बसेल इतकी तापली होती. नट खोलून पाहिलं, तर पट्टीखाली नवाकोरा काळा रंग. चेसी सजवायच्या नादात नानांनी पट्टी सोडवून खालीही रंग फासला होता आणि वर ती पुन्हा आवळली होती. करंट परतायची वाटच त्यांनी रंगवून बंद केली होती.

आबांना हसू आवरेना. "नवरदेवले सजाडं आन् मांडवना दरवाजा लावी टाका!"

नानांनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, नट आवळला. मायने दाबलं आणि इंजिन गरगर फिरून धूर ओकत सुरू झालं. आबा स्टीअरिंगवर बसले, नाना शेजारी, आणि ते दोघं कांदे घेऊन भांडत निघून गेले.

ट्रक वळणाआड गेल्यावर मी मायला विचारलं, "कधीपासून गं?"

"काय कवयपशी?" ती म्हणाली आणि खळं झाडायला लागली. मी पुन्हा विचारलं तेव्हा केरसुणी न थांबवता म्हणाली, "त्यासले नको समजू दे, का आपलेले मालूम शे." तिच्या आवाजात रडं नव्हतं. मलाच रडू आलं, आणि तेही मोठ्याने, सवयीप्रमाणे.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन पुन्हा गेले. सकाळी ट्रक काढायचा होता. थंडी कडक पडलेली, आबा बटण दाबून खाली उतरले, गाडी ढिम्म. माय पदर खोचून केबिनकडे निघाली, तर नाना तिच्या आधी पायरीवर चढलेले. दुखरा गुडघा, उंच केबिन, दोन्ही हातांनी दांडा धरून ते कण्हत कण्हत वर पोचले.

"मनी कंबर धराई गयी शे," त्यांनी वरून जाहीर केलं. "मले वाकता येस नही. आते तू आयक, मी दाबस."

वाकवत नाही म्हणून केबिनमध्ये चढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणजे त्या दिवशी मायला बटण सापडलं होतं आणि आपल्यालाच टक् ऐकू आलं नव्हतं, हे नानांना ठाऊक होतं. मायने कंबरेचं काही विचारलं नाही. ती चाकापाशी जाऊन त्यांच्या जागेवर बसली.

नानांनी दार उघडं ठेवलं, बटण दाबलं आणि खाली वाकून मायकडे पाहिलं. इंजिनमधून टकटकटक अशी कुरकुर आली. मायने तोंडाने काही न बोलता हाताची बोटं भराभरा हलवून दाखवली.

नाना ताठ बसले. "ब्याटरी!" ते गरजले.

आबांचा तर जन्म सार्थकी लागला. "मी कवयनं सांगी ऱ्हायनू, ब्याटरी शे, ब्याटरी शे—"

"तू काय सांगस ते ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "मी आयकं."

"आयकं ना, मी बी दखं," आबा मायच्या बोटांकडे बघून म्हणाले आणि दुसरी बॅटरी आणायला घराकडे गेले. मायने हात खाली घेतला आणि पदराला पुसला.